बांधणीचे दहा गुण

वाचनालयाच्या तळघरात बसून एकतीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाइंडरबाईंना वर बैठकीच्या दालनातून बोलावणं आलं, तेव्हा त्यांना वाटलं, खुर्चीचा पाय मोडला असेल. वरच्या लोकांना त्यांची आठवण व्हायची ती काहीतरी मोडल्यावरच.

खुर्च्या शाबूत होत्या. मोडली होती ती अब्रू. वाचनालय दरवर्षी वर्षातलं उत्तम बालपुस्तक निवडायचं आणि त्याच्या प्रती शहरातल्या तीनशे शाळांना जायच्या. गेल्या वर्षी समारंभात अध्यक्षांनी विजेतं पुस्तक उघडून सभेपुढे उंच धरलं आणि त्यातली सोळा पानं पाहुण्यांच्या मांडीवर येऊन पडली. पोरं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना तो जादूचा प्रयोग वाटला. त्यानंतर ठरलं की निवड समितीत बांधणीतलं कळणारं एक माणूस हवं.

"तुम्हाला वाचायची गरज नाही हं," अध्यक्ष म्हणाले. हे शिक्षण खात्यातले निवृत्त अधिकारी. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी सगळे त्यांना साहेबच म्हणत, आणि फोनवर ते स्वतःही "मी साहेब बोलतोय" असंच सांगत. "शेवटचा रकाना तुमचा. बांधणी, दहापैकी. पुस्तक हातात घ्यायचं, ओढून बघायचं, गुण लिहायचे. मजकुराचं आम्ही पाहू."

'आम्ही' म्हणजे आणखी दोघं. एक दातांचे डॉक्टर, लहान मुलांच्या दातांचे. त्यांच्याकडे 'आरोग्यविषयक जाणीव' नावाचा वीस गुणांचा रकाना होता, आणि पुस्तकात कोणी गोळ्या-चॉकलेटं खाल्ली की ते जातीने गुण कापत. दुसऱ्या कवयित्रीबाई. शाळाशाळांतून त्यांच्या कविता पोरांकडून घोकून घेतल्या जात. नियमित अभ्यास, स्वच्छ हात, खरं बोलणं असे त्यांचे विषय. भाषा आणि चित्रं, प्रत्येकी वीस, त्यांच्याकडे. सगळ्यात मोठा रकाना साहेबांनी स्वतःकडे ठेवला होता. संस्कारमूल्य, तीस गुण.

बेचाळीस पुस्तकांचे दोन खोके बाइंडरबाईंनी तळघरात उतरवून घेतले. "वाचायची गरज नाही" म्हटल्यावर त्या सगळी वाचणार हे उघडच होतं. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि तळघरात ऐकायला माणूस नव्हतं, म्हणून त्या पुस्तकांशीच बोलायच्या.

पहिल्या पुस्तकात एक खार खोटं बोलली आणि तिची शेपटी गळून पडली. तिने माफी मागितली, शेपटी परत उगवली, आणि पुढची सात पानं सगळं जंगल टाळ्या वाजवत होतं. "सात पानं!" बाई म्हणाल्या. "कागद काय झाडाला लागतो?" दुसऱ्यात गाजर, बीट आणि दुधी भोपळा यांनी जीवनसत्त्वांवर सभा घेतली होती. आभारप्रदर्शन भोपळ्याने केलं होतं. तिसऱ्यातला ढग वक्तशीर होता. चौथ्यात मुलं एकमेकांना 'हे मित्रा' अशी हाक मारत होती. बाईंनी आयुष्यात असं पोर पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तर आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आजोबा तर ठायी ठायी. बेचाळीस पुस्तकांत एकोणीस आजोबा निघाले. सगळे झाडाखाली बसलेले, सगळे उपदेश करणारे. त्यांच्यातल्या एकाचाही गुडघा दुखत नव्हता, एकही कधी कोणावर खेकसत नव्हता.

पुस्तक पोरांचं आहे की पोरांच्या नावावर मोठ्यांचं, हे बाई मजकुरापेक्षा जखमांवरून सांगू शकायच्या. खरं पुस्तक त्यांच्याकडे विशिष्ट जागी उसवून यायचं. सगळ्यात गमतीच्या पानाशी कणा मोडलेला असायचा, वरचा कोपरा बोटांनी काळा झालेला असायचा, अस्वल असेल तर अस्वलाचं पान हमखास गायब असायचं. खोटं पुस्तक कधी यायचंच नाही. ते वर कपाटात ताठ उभं असायचं, लग्नाला आलेल्या व्याह्यासारखं.

आणि व्याही खरोखरच निघाले. 'सद्गुणांचा बगीचा' नावाचं एक जाडजूड पुस्तक होतं. गुळगुळीत कागद, पानापानावर एक फूल आणि प्रत्येक फुलाच्या तोंडी एक सद्गुण. गुलाब नम्रतेवर बोलत होता, कमळ स्वच्छतेवर, झेंडू बचतीवर. अर्पणपत्रिकेत लेखकाने 'आमचे व्याही व मार्गदर्शक' म्हणून साहेबांचे पाय धरले होते, आणि पुढच्याच पानावर प्रस्तावना साहेबांची होती. बाईंनी पुस्तक उलटं धरलं, झटकलं, पाठीवर अंगठा दाबला. जुजबंदी होती, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने एकेक करून शिवून मग एकमेकांत गुंफलेले. पाठीला जाळीचं कापड, पुठ्ठा दणकट. असं काम बाईंनी स्वतः तरुणपणी केलं होतं, हल्ली कोणी करत नाही.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "एवढी शिवण, आणि कोणावर वाया घालवली!" आणि दहापैकी दहा लिहिले.

रविवारी दुपारी उरलेली पुस्तकं त्यांनी पिशवीत घालून घरी नेली. घरी नणंद होती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण त्याची मोठी बहीण बाईंजवळच राहिली होती. दोघींना एकमेकींशिवाय भांडायला कोण होतं? नणंदबाईंनी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं आणि पुस्तकात बोध नसला तर त्यांना ते मीठ नसलेल्या जेवणासारखं लागायचं.

"हे बघ वहिनी, याला म्हणतात पुस्तक," बगीचा हातात घेऊन त्या म्हणाल्या. "एकेका फुलातून एकेक गुण. दे, मी मोठ्याने वाचते."

गुलाब संपला, कमळ संपलं. झेंडूच्या निम्म्यावर त्यांचा आवाज जड झाला, आणि मोगरा येईतो त्या घोरायला लागल्या होत्या. पुस्तक छातीवर तसंच उघडं. शिवण एवढी उत्तम की पान हललं नाही.

जाग आल्यावर त्यांनी चहाबरोबर पिशवीतलं सगळ्यात पातळ पुस्तक उचललं. 'कठड्यात डोकं'. चोवीस पानं, मध्ये दोन पिना, बस्स. एका मुलीला प्रश्न पडतो की जिन्याच्या कठड्यातून बघितलं तर खालचं जग कसं दिसेल. ती गजांमधून डोकं घालते आणि ते अडकतं. मग जिन्यावरून येणारा-जाणारा जो तो सल्ला देतो. दुसऱ्या मजल्यावरची काकू तेल आणते, पोस्टमन गज मोजतो, कोणी साबण घासतं, कोणी मुलीजवळ बसून निवांत चहा पितं. शेवटी एक सद्गृहस्थ येतात. मोठ्यांचं ऐकलं नाही की काय होतं यावर ते भाषण करतात, आणि डोकं कसं घालू नये हे दाखवण्यासाठी आपलं डोकं घालून दाखवतात. साबणामुळे मुलगी सटकन बाहेर येते. गृहस्थ आतच.

नणंदबाईंच्या नाकातून चहा आला. त्या एवढ्या हसल्या की बाईंना उठून त्यांची पाठ चोळावी लागली.

"आणि पुढे? त्याचं काय झालं?"

"पुढे काही नाही. संपलं."

"असं कसं संपलं? अगं, माणूस अडकलाय तिथे! आणि पोरीला कोणी काही बोललं नाही? वाह्यात आहे पुस्तक," नणंदबाई म्हणाल्या. पण संध्याकाळी भाजी चिरताना त्या मध्येच थांबल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "गज वाकवायला लागेल त्याच्यासाठी. त्याचे कान आडवे येणार."

बाईंनी काय ते ओळखलं: हे पुस्तक खरं होतं. मग त्यांनी ते पुस्तक तपासायला हातात घेतलं. पिना पातळ होत्या, एक तर तिरकीच बसली होती. आवरणाचा कागद वहीच्या आवरणापेक्षा हलका. दुसऱ्या वाचनाला मधलं पान निघणार, चौथ्याला आवरण. त्यांनी दोनदा ओढून बघितलं, मन घट्ट केलं आणि लिहिलं, दोन.

बैठक गुरुवारी होती. बंद पाकिटं फोडून साहेबांनी एकेक पुस्तकाचे गुण मोठ्याने वाचले. चाळीस पुस्तकं धडाधड खाली गेली, खार शेपटीसकट, भोपळा आभारासकट. राहिली दोन.

"'सद्गुणांचा बगीचा'. संस्कारमूल्य, तीसपैकी तीस," साहेबांनी आपलेच गुण असे वाचले की जणू टपालाने आले होते. "लेखक माझे व्याही आहेत हे मी लपवत नाही. उलट म्हणूनच जास्त कडक तपासलं." मग त्यांचा चेहरा उतरत गेला. डॉक्टरांनी अकरा दिले होते, कारण फुलांना दात नसतात. कवयित्रीबाईंनी भाषेला नऊ आणि चित्रांना नऊ. एकूण एकोणसाठ.

"आता हे दुसरं, कठडा. संस्कारमूल्य आठ. ते आठसुद्धा मुलगी शेवटी बाहेर आली म्हणून." डॉक्टरांचे होते अठरा.

"सबंध पुस्तकभर साबण आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि एकही गोड पदार्थ नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा दिसतोय."

भाषेला कवयित्रीबाईंनी वीसपैकी वीस दिले होते. चित्रांना एकोणीस. बाइंडरबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ही बाई, स्वच्छ हातांवर अठरा कडवी लिहिणारी, हिने वीस दिले? कवयित्रीबाई खाली मान घालून पेनाचं टोपण काढत-लावत होत्या.

पासष्ट विरुद्ध एकोणसाठ. आता राहिला शेवटचा रकाना. त्याचं पाकीट फोडायच्या आतच बाइंडरबाईंनी मनात बेरीज केली. पासष्ट आणि दोन, सदुसष्ट. एकोणसाठ आणि दहा, एकोणसत्तर.

साहेब पाकीट शोधत असताना कवयित्रीबाई त्यांच्याकडे झुकल्या. "किती दिलेत कठड्याला?"

"दोन."

"पाच करा. आत्ता म्हणा की आकडा चुकला. कोणाला कळतंय इथे शिवणीतलं?"

"मला कळतं."

"अहो, तीन गुणांचा तर प्रश्न आहे."

"दोन पिना आहेत त्याला, आणि त्यातली एक वाकडी," बाई म्हणाल्या. "दोन पिनांना पाच नाही मिळत."

एकतीस वर्षांत त्यांनी शिवणीच्या बाबतीत कोणाला खोटं सांगितलं नव्हतं, आणि अशा लोकांसमोर, अशा खोलीत, ते पहिल्यांदा सांगायचं? साहेबांनी पाकीट फोडलं. बगीच्याचे दहा वाचताना त्यांच्या आवाजात परत जोर आला.

"बघा! निकाल तंत्राने दिला! बाइंडरबाईंसारख्या अनुभवी, निरपेक्ष व्यक्तीनेसुद्धा बगीच्याला पैकीच्या पैकी—"

"शिवणीला दिलेत," बाई म्हणाल्या.

"तेच ते."

"तेच ते नाही साहेब. मी पेटी मजबूत आहे म्हटलं. आत काय भरलंय ते मला विचारलंत कुठे?"

"ते तुमच्या रकान्यात बसत नाही," साहेब गोड हसून म्हणाले.

तेवढं हसू पुरलं. बाई उभ्या राहिल्या. "मग रकान्यात बसतं तेवढंच सांगते. हे पुस्तक पन्नास वर्षं टिकेल. का? त्याला कोणी हात लावणार नाही म्हणून. नऊ वर्षांत तुम्ही नऊ पुस्तकांना बक्षीस दिलंत. त्यांतलं एकसुद्धा वाचून फाटलं म्हणून माझ्याकडे आलेलं नाही. गेल्या वर्षीचं आलं, पण ते वाचायच्या आधीच फाटलं होतं."

"मुलांना काय आवडतं हा आपला निकष नाही. मुलांना कशाची गरज आहे, हा आहे."

"हे औषधाला ठीक आहे."

"औषधही गोड नको," डॉक्टर म्हणाले, पण त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"खोटं वाटत असेल तर खाली चला," बाई म्हणाल्या. "दोन्ही फळ्या दाखवते. वर जागा नाही म्हणून खाली पाठवलेली तुमची बक्षिसाची पुस्तकं आणि माझी फाटकी. पंधरा पायऱ्या आहेत, मार्गदर्शकांना झेपतील."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. डॉक्टरांना दवाखाना होता. बाई एकट्याच पायऱ्या उतरून आल्या आणि शेगडीवरचं चिकटवायच्या खळीचं भांडं उगीच ढवळत बसल्या. राग साहेबांचा होता, आणि त्याच्या तळाशी थोडा स्वतःचाही.

अर्ध्या तासाने कवयित्रीबाई दारात उभ्या होत्या. "दाखवणार होतात ना?"

बाईंच्या अंगात अजून उकळी होती. त्यांनी बक्षिसाच्या फळीवरून पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. एक उघडलं तर कणा कडकन वाजला, नव्या चपलेसारखा. "आठ वर्षांपूर्वीचं. आज पहिल्यांदा उघडतंय." दुसऱ्याची पानं कडेला अजून चिकटलेली होती. तिसरं, चौथं, पाचवं कवयित्रीबाईंचंच होतं.

"ही तीन तुमची आहेत हे माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "नाव अगदी कोरं करकरीत दिसतंय वर."

कवयित्रीबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या दुसऱ्या फळीकडे वळल्या, जिथे शिवायला आलेली पुस्तकं पडली होती, आणि वरचंच एक उचललं. त्याचं मूळ आवरण केव्हाच गेलं होतं, त्यावर बाईंनी तपकिरी कागद चढवला होता. नावाचं पानही नव्हतं. पुस्तक थेट पाचव्या पानापासून सुरू व्हायचं. शिट्टी गिळलेल्या एका मामाची गोष्ट होती. मामा श्वास घेतला की वाजायचा. रस्त्यात गाड्या थांबायच्या, मैदानात सामने थांबायचे.

"हे वाचा," बाई म्हणाल्या. आवाज नकळत मऊ झाला होता. "याला म्हणतात पुस्तक. कोणी लिहिलं देव जाणे. माझ्याकडे आलं तेव्हाच पुढची पानं नव्हती. कोर्टात मामा शिंकतो ते पान बघा, तीनदा चिकटवलंय. पोरं तिथेच ओढाओढी करतात."

कवयित्रीबाईंनी ते पान उघडलं नाही. पुस्तक मिटून छातीशी धरलं, आणि शिंकेच्या आधीचं वाक्य म्हटलं, मग शिंकेचं, मग न्यायाधीशाचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"लहानपणी वाचलं होतंत?"

"लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांची होते."

खळीचं भांडं शेगडीवर करपायला लागलं होतं. बाईंनी ते उतरवलं नाही.

"तेव्हा एका समीक्षकाने लिहिलं, यातून मुलांनी घ्यायचं काय? भाषा चांगली, पण बोध शून्य. मला ते लागलं. पुढच्या पुस्तकात मी थोडासा बोध घातला. त्याला बक्षीस मिळालं. मग घालतच गेले." त्यांनी पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "किती वेळा शिवलंत हे?"

"सहा."

ज्या बाईची बाइंडरबाई वीस वर्षं टर उडवत आल्या होत्या, तिचंच पुस्तक त्यांनी सहा वेळा मांडीवर घेऊन सांधलं होतं. करपलेल्या वासाने दोघी खोकायला लागल्या तेव्हा कुठे त्या उठल्या.

घरी जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल अशी आशा होती. नणंदबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे तीन गुणांपायी तीनशे शाळांना ते फुलझाड देऊन आलीस?"

"शिवण दोनचीच होती, ताई."

"दोनची तर दोनची! मी बत्तीस वर्षांत किती नापासांना पास केलंय, मोजलंस? त्यांतला एक तर आज हाडांचा डॉक्टर आहे. तुझा खरेपणा तुझ्यापाशी राहिला, पोरांच्या हातात काय आलं? झेंडू!"

खोटं लिहिलं नाही याचं बाईंना समाधान होईना, आणि लिहायला हवं होतं असंही तोंडातून निघेना. जेवण झाल्यावर त्यांनी कागद घेतला आणि 'कठड्यात डोकं'च्या प्रकाशकाला पत्र लिहिलं. पिना काढा, तीन भोकांची दोऱ्याची शिवण घाला, आवरणाला जाड कागद वापरा. खाली आकृती काढून दाखवली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: दुसरी आवृत्ती निघाली तर नक्की विचार करू. म्हणजे निघणार नव्हती.

बगीचा तीनशे शाळांत गेला. नणंदबाईंच्या जुन्या शाळेत तो काचेच्या कपाटात ठेवला गेला आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. समितीकडे आलेली कठड्याची एकुलती प्रत बाईंनी कोणाला न विचारता उसवली, दोऱ्याने शिवली, पुठ्ठ्यात बसवली आणि मुलांच्या विभागात नेऊन ठेवली. पहिल्या चार महिन्यांत ती दोनदा खाली आली, एकदा तर साबणाचा वास घेऊन. पुढच्या वर्षीच्या समितीत बांधणीचा रकानाच नव्हता. तो प्रश्न आता सुटला आहे, असं साहेब म्हणाले.

कवयित्रीबाई मात्र अधूनमधून तळघरात यायला लागल्या. पहिल्या खेपेला त्यांनी एक जाड वही आणली. नवीन गोष्ट होती. बाईंनी हातातली सुई न ठेवताच चार पानं वाचली आणि वही परत केली.

"दुसऱ्या पानावर तुमची मास्तरीण आलीच."

"कुठे?"

"ही काय. मावशी पोरांना खाऊ देते आणि लगेच वाटून खाण्याचं महत्त्व सांगते. कोणती मावशी सांगते असं? खाऊ देऊन निघून जाईल की!"

कवयित्रीबाई रागाने लाल झाल्या. वही पिशवीत कोंबली आणि पायऱ्या चढून गेल्या. बाईंना वाटलं, गेली ही, आता येत नाही.

पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या. या वेळी वही बरीच पातळ होती.